बांधालगतची ओळ

भाताचं फूल भर उन्हात उमलतं. सकाळी दहाच्या सुमाराला तुसाची दोन कवाडं किलकिली होतात आणि बारा-साडेबाराला पुन्हा लागतात. एवढ्यात जे व्हायचं ते होऊन जातं. म्हणून भात संशोधन केंद्रावरची माणसं अकरालाच जेवून झोळ्यांत अंग टाकायची, तेव्हाच ताम मावशीची वेळ सुरू व्हायची. आदल्या संध्याकाळी तिने संकरासाठी आई ठरवलेल्या वाणाच्या लोंबीवरच्या एकेका तुसाचं टोक कातरून, आतले केसर चिमट्याने काढून ठेवलेले असायचे. दुपारी बापाची लोंबी वर धरून तिला बोटाने टिचकी मारायची. पिवळी धूळ धुरासारखी खाली उतरली की वरून कागदाची पिशवी. बावीस वर्षं तिने हेच केलं होतं.

केसर सहा असतात. मावशी ते दोन, तीन, चार, पाच, सहा, सात असे मोजायची, आणि प्रत्येक फुलामागे एकदा अमिताभ बुद्धाचं नाव घ्यायची.

"मावशी, सरकारी भाताला सहा आणि तुमच्या भाताला सात?" पाण्याच्या पंपावरचा साव दादा झोळीतूनच चिडवायचा. "एक घरी नेता की काय?"

"नेत नाही रे. पहिला आपला नसतो," मावशी हळूच म्हणायची. तिचा आवाज असा, की ऐकणाऱ्याला आपलं हसणं आवरून ऐकावं लागे.

त्या मुलखात रीतच तशी. ताम म्हणजे आठवी, पण घरात ती सातवं लेकरू. थोरल्याला पहिला म्हणायचं नाही, त्याला 'दुसरा' म्हणायचं. मागचे मग तिसरा, चौथा. पहिल्या जागेवर कुणाकुणाचं लक्ष असतं. ज्यांना नाव ठेवायला कुणी नाही, ज्यांच्यासाठी उदबत्ती लावणारं मागे कुणी उरलं नाही, त्यांनी ती जागा घ्यावी आणि आपल्या लेकरांना सोडावं. आता शहरातली माणसं हसतात, पण हाक मारताना तीही दोनापासूनच मारतात.

मावशीने ही रीत जरा जास्तच मनावर घेतली होती, एवढंच. तिचे नेम बारीक बारीक असायचे. सकाळ-संध्याकाळ अंगणातल्या खांबावरच्या आकाशदेवाच्या देव्हाऱ्याला फूल आणि पेलाभर पाणी. महिन्यातले चार दिवस मासळीला हात नाही. आणि लोंबी कातरायची तर आधी तिला विचारून. कुणाला दाखवायचे नेम नव्हते ते. कुणी विचारलं तर ती म्हणायची, "सवय आहे."

दोंग थाप मुओईच्या त्या लव्हाळ्यांच्या पसाऱ्यात जमिनीच्या पोटात तुरटी आहे. ओली असेतोवर जमीन गप्प असते. वाळून भेगाळली आणि वर पाणी आलं, की आंबट झालेली तुरटी वर चढते. रोपांची टोकं आधी नारिंगी होतात, मग गंजल्यासारखी तांबडी, आणि आठवड्यात खाचर जळतं. त्या पाण्याची ओळख मात्र उलटी. गढूळ पाण्याला भ्यायचं नाही, नितळ पाण्याला भ्यायचं. तुरटीचं पाणी काचेसारखं असतं, तळाचं पातं न् पातं दिसतं, आणि त्यात मासा नाही, बेडूक नाही, पाण्यावर पळणारा किडासुद्धा नाही.

असल्या पाण्यात एकच भात आपलं आपण उगवत आलं, लावलं कुणीच नाही. कुणी त्याला देवभात म्हणे, कुणी भुतांचं भात. सूर्याचा किरण लागला की त्याचे दाणे झडतात, म्हणून उपासमारीच्या वर्षांत मावशीची आई होडीत बसून झुंजूमुंजूच्या आधी ते झोडायला जायची. पहिल्या चुडाला, म्हणजे रोपांच्या पहिल्या जुडग्याला, काठी लावायची नाही. आधी म्हणायचं, "तुम्ही पहिले, आम्ही दुसरे." मग उरलं ते आपलं.

केंद्राच्या विन्ह साहेबांनी त्याच भुतांच्या भाताला बाप केलं होतं. चौतिशीचा, कॅन थो शहराहून आलेला, मनाने सरळ, बर्फ घातलेल्या कॉफीवर जगणारा माणूस. आई आपली चवीची, भरघोस भात. बाप हा रानचा. सहा पिढ्या निवडून, उपटून, पुन्हा पेरून त्यांनी चाळीस वाण उरवले होते. "मावशी, या चाळिसांतला एक जरी तुरटीत तगला ना," ते म्हणायचे, "तर गो सायच्या चाळीस घरांना मी स्वतः बी नेऊन देईन."

गो साय म्हणजे मावशीच्या लेकीचं सासर. लान्हची दोन पिकं ओळीने जळली होती. "माय, तिसरं जळलं तर आम्ही कारखान्यात जाणार," लेकीने सांगून टाकलं होतं. "जाण्याआधी घराला कुलूप लावणार नाही. लावून ठेवायचं काय आहे त्यात?"  त्या दिवसापासून मावशीच्या पाण्याच्या पेल्यात एक फूल जास्त असायचं.

या चाळिसांच्या परीक्षेचं खाचर नव्याने फोडलेलं होतं. कालव्याकडून माती उचलताना हाडं निघाली होती. माणसांचीच, पण आखूड. कुणाची, कधीची, कुणाला ठाऊक. त्या मैदानाने फार जणांना पोटात घेतलंय. मावशीने ती लाल फडक्यात बांधून उंचवट्यावर पुरली, पेज ठेवली, मीठ-तांदूळ उधळले. लावणीच्या दिवशी साहेब शहरात गेले होते. जाताना बजावून गेले, "जागा तोकडी आहे. कडेला जादा राखण ओळ नको, फक्त चाळीस ओळी."

मावशीने चाळीसच लावल्या. पण बांधालगतची पहिली ओळ मोकळी सोडली आणि एक नंबरच्या पाकिटाची रोपं दुसऱ्या ओळीत लावली. नव्या जमिनीची पहिली ओळ आपली नसते, हे तिला कुणी सांगावं लागत नव्हतं, आणि आपण ते साहेबांना सांगायला हवं हेही तिला सुचलं नाही. चाळीस खुंट्या रोवल्या. मोकळ्या ओळीपाशी हात जोडून म्हणाली, "ही तुमची."

महिन्याभराने आईच्या पुण्यतिथीला ती लेकीकडे गेली, ती दहा दिवसांनी परतली. तोवर साव दादाने खाचर कोरडं पाडलं होतं; तुरटी वर यावी म्हणून ते मुद्दामच वाळवायचं होतं. मावशी बांधावर आली आणि पाय जागीच थांबले.

बांधालगतची ओळ भरलेली होती.

कमरेइतकी नाही, गुडघ्याइतकी नाही. बरोबर बाकीच्या ओळींइतकी. चुडाला चूड लागून सरळ रेषेत, दोरी धरून लावल्यासारखी.

"साव, ही ओळ कुणी लावली?"

"भुतांनी!" साव दादा खो खो हसला. मग तिचा चेहरा बघून म्हणाला, "अहो, तुम्हीच लावलीत की. एक्केचाळीस ओळी आहेत, मी मोजल्या. पाइप ओढताना खुंट्या आडव्या झाल्या होत्या, त्या परत रोवल्यात. बांधापासून एक, दोन, तीन. शेवटची एक ओळ उरली, म्हटलं राखण असेल. का, चुकलं का काही?"

मावशी उकिडवी बसली. वाळलेल्या चिखलात प्रत्येक चुडाच्या बुडाशी तीन खोलगट खुणा होत्या. रोप दाबताना अंगठा आणि दोन बोटं जशी रुततात तशा. तिने आपली बोटं त्यात घालून पाहिली. गेली नाहीत. हात तिच्यापेक्षा लहान होता. आणि अख्ख्या ओळीत बोटांच्या खुणा होत्या, पावलाची एकही नव्हती.

"नाही," ती म्हणाली. "काही नाही." आणि तिचं चुकलं ते इथे.

पाणी सोडलं. चौथ्या दिवशी तळ दिसायला लागला. डास गेले, बेडूक गेले. दुपारची झाडावरून येणारी किरकिर कधी थांबली तेही कळलं नाही. नवव्या दिवशी चाळीस ओळी तांबड्या पडून आडव्या झाल्या, आणि बांधालगतची ओळ हिरवीगार उभी राहिली. वारा नसला तरी तिची पाती जरा हलायची, शेजारून कुणी गेल्यासारखी.

साहेब चप्पल काढून खाचरात उतरले. खुंटी पाहिली. "एक नंबर!" ते लहान पोरासारखे ओरडले. "मावशी, एक नंबर तगला!" त्यांनी वहीत लिहिलं, वर कळवलं. नशिबाने चाळीसही वाण पलीकडच्या गोड्या पाण्याच्या खाचरात वाढवलेले होतेच. एक नंबरचं बी तिथे भरपूर होणार होतं. "गो सायला महिन्याने पोती जातील. तुमच्या लेकीला पहिलं पोतं!"

मावशीला ठाऊक होतं की एक नंबर दुसऱ्या ओळीत होता, आणि तो सगळ्यांच्या आधी जळला होता.

सांगायचं म्हणून ती रोज यायची. कधी साहेब फोनवर असायचे, कधी इतके आनंदात असायचे की ती तशीच मागे फिरायची. आणि सांगायचं तरी काय? की तुमची खुंटी चुकली, हे एक. पण मग ती ओळ कुणाची, याचं उत्तर ती कुठून आणणार होती?

ओळीला लोंब्या आल्या तेव्हा ती एका दुपारी एकटीच उतरली. पाणी इतकं स्वच्छ होतं की चालताना पायाला लागे तेव्हाच ते आहे असं वाटे. तिने एक लोंबी तळव्यावर घेतली. शेंड्याचा दाणा, जो सगळ्यांत आधी फुलतो तो, नुसतं तूस होता. दोन्ही कवाडं नीट मिटलेली, आत काही नाही. बाकीचे दाणे टच्च भरलेले. दुसरी लोंबी पाहिली. तिसरी. पुढच्या चुडाची. सगळ्या ओळीत शेंड्याचा पहिला दाणा रिकामा होता. किडीने खाल्लं तर भोक दिसतं, पोचट राहिला तर दाणा चपटा असतो. हे तसं नव्हतं. ताटातला पहिला घास कुणी हलक्या हाताने उचलावा आणि झाकण पुन्हा ठेवून द्यावं, तसं होतं.

तिने अमिताभाचं नाव घेतलं. स्वतःचाच आवाज तिला पाण्यावरून परत ऐकू आला, जरा उशिरा आणि जरा बारीक.

लान्ह होडी घेऊन आली ती अशाच दुपारी. पोती धक्क्यावर रचलेली होती, साहेब हातात यादी घेऊन उभे.

"माय, बघतेस काय, धर की एक टोक!"

मावशीने पोत्यावर हात ठेवला, उचलला नाही. "लान्ह, हे नेऊ नकोस. हे जळेल."

सगळे थांबले. मग तिने सांगितलं. मोकळी ओळ, हाडं, खुंट्या, बोटांच्या खुणा, सगळं. खाली बघून, नेहमीच्याच आवाजात. साव दादा डोकं खाजवत म्हणाला, "म्हणजे मी... आयला!"

साहेबांचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. "मी अहवाल पाठवलाय, मावशी. एक महिना! एक महिना तुम्ही गप्प बसलात?"

"चुकलंच माझं."

ते धक्क्यावरच बसले. हातातल्या यादीची घडी करत म्हणाले, "पुरात रानचं बी वाहून आलं असणार. कुठल्या तरी वाणाशी संकर झाला असेल. होतं असं."

"वाहून आलेलं बी रांगेत उगवतं का, साहेब?"

साहेब उठून उभे राहिले. "ती ओळ कापू. दोन टोपल्या होईल. त्यातून वाढवू."

"ती दिलेली आहे. दिलेलं परत घ्यायचं नसतं."

"मग चाळीस घरांना काय सांगू? भुतांचं आहे म्हणून?"

मावशीने खाचराकडे पाहिलं. एका बाजूला बावीस वर्षांत न मोडलेला नेम, दुसऱ्या बाजूला लेकीचं उन्हाने रापलेलं तोंड. लान्हने टोपी काढली, कपाळाचा घाम पुसला. "माय, आजी काय करायची? चोरून आणायची का ते भात? मागून आणायची ना? मग तूही माग. नाही म्हणाले तर मी जाईन कारखान्यात, तुला दोष देणार नाही. पण विचारल्याशिवाय नाही कसं म्हणतेस?"

भर दुपारी, सावली पायाखाली असताना मावशीने बांधावर पेज ठेवली, मीठ ठेवलं, उदबत्ती लावली. बशीत दोन जुनी नाणी घेतली. एक चित, एक पट, म्हणजे एक छापा नि एक काटा पडला, तर होकार. साहेब खिशात हात घालून मागे उभे राहिले, पण गेले नाहीत.

"तुम्ही पहिले, आम्ही दुसरे. तुमचं जेवण झालं असेल तर उरलेलं द्या." तिने नाणी टाकली. दोन्ही चित.

पुन्हा टाकली. दोन्ही चित.

मावशीने नाणी उचलून मुठीत धरली. "जिथे जिथे हे भात लावू तिथे पहिली ओळ तुमची. कायमची. मी आहे तोवर मी बघेन, मग लान्ह बघेल."

तिसऱ्यांदा नाणी बशीत फिरली. एक चित पडलं. दुसरं मात्र कडेवर उभं फिरतच राहिलं, फिरतच राहिलं. वारा नव्हता, तरी उदबत्तीचा धूर बशीकडे झुकला आणि नाणं पट पडलं.

"बशी वाकडी आहे," साहेब म्हणाले. पण विळा त्यांनी हातात घेतला नाही, तो मावशीलाच दिला. तिने दुसऱ्या चुडापासून कापलं.

दोन टोपल्या भरल्या. एक लान्हची, एक केंद्राची. "माझं निम्मं मी माझ्या पद्धतीने लावणार," साहेबांनी सांगितलं. "परीक्षेत मोकळी ओळ नसते, मावशी. आकडे बिघडतात."

"साहेब, मी शब्द दिलाय."

"तुम्ही दिलाय."

खरं सांगायचं तर त्यांचं भात लान्हच्या भातापेक्षा देखणं आलं. तुरटीचं पाणी पिऊन बांधापासून बांधापर्यंत हिरवं उभं. लोंब्या लांब, सरळ. फक्त वाकत नव्हत्या. भरलेली लोंबी मान झुकवते, या माना ताठ. कापणीला साहेबांनी एक मूठ घेऊन चोळली, फुंकर मारली, आणि तळव्यावर काहीच राहिलं नाही. दुसरी मूठ. दुसऱ्या टोकाची. अख्ख्या खाचरात दाणा नव्हता. तुसं सगळी नीट मिटलेली होती.

गो सायला लान्हने पहिली ओळ सोडली होती. तिच्या लोंब्या बांधावर लोळत होत्या; शेंड्याचा एकेक दाणा तेवढा रिकामा. मोकळी ओळ कधी भरली ते तिने पाहिलं नाही. कुणीच पाहिलं नाही. "पहाटे गेले तेव्हा नव्हती," ती सांगे, "जेवून आले तेव्हा होती."

पुढच्या वर्षी चाळीस घरांनी ते बी लावलं. कुणी कारखान्यात गेलं नाही. केंद्राने लागवडीचं पत्रक छापलं. त्यात साहेबांच्या हातचं एक वाक्य आहे: 'बांधालगतची एक ओळ रिकामी सोडावी, हवा खेळती राहते.' साव दादाने ते वाचून दाखवलं तेव्हा साहेब कॉफीत बर्फ ढवळत राहिले.

ती ओळ कुणी कापत नाही. कापणी झाली की चार दिवसांत तिचे दाणे आपोआप झडतात, आणि खाली शोधलं तर एकही सापडत नाही.

मावशी आता केंद्रावर जात नाही. नजर कमी झाली, केसर दिसत नाहीत. पण दरवर्षी खाचरं वाळवली की ती लेकीच्या बांधावर जाऊन बसते आणि पहिल्या ओळीच्या बुडाशी आपली तीन बोटं घालून बघते. पहिल्या वर्षी ती गेली नव्हती. दुसऱ्या वर्षी टोकं गेली. चौथ्या वर्षी पेरापर्यंत.

यंदा ती बरोबर बसली. अंगठा, दोन बोटं, जणू तिचीच.

"काय गं माय, काय बघतेस?" लान्हने पलीकडून विचारलं.

"काही नाही," मावशी म्हणाली. मग त्या ओळीकडे वाकून, लेकीला ऐकू जाणार नाही इतक्या हळू पुटपुटली, "मोठे झालात हो."

पाणी अजून सोडायचं होतं. किडे ओरडत होते. ती बोटं काढू लागली, तेव्हा माती क्षणभर सुटली नाही.